वत्सला माहेरी राहिली

आमच्या खारशेतच्या खाडीतल्या होड्या दर चैत्रात माहेरी जातात, तशी आमची वत्सलाही गेली; फरक इतकाच की बाकीच्या परत आल्या आणि ती आली नाही.

होडीचं माहेर म्हणजे ती जिथे बांधली गेली ती जागा. रीत अगदी साधी आहे. आदल्या संध्याकाळी घरच्या बाईने होडीची ओटी भरायची, तांदूळ आणि नारळ तिच्या नाळेत, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, ठेवायचा. पुरुषाने दोरी सैल करायची आणि दोघांनी पाठ फिरवून घरी यायचं. वळून बघायचं नाही, तिला अवघडल्यासारखं होतं. सकाळी ओहोटीबरोबर ती गेलेली असते. आठवडाभर राहते, तळाला तेल लावून घेते आणि रंग उजळून परत येते. एकटी कशी जाते, असं मुंबईचे पाहुणे विचारतात. ओहोटी असते, पहाटेचा जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो आणि तिला वाट ठाऊक असते. ह्याहून जास्त काय लागतं ते पाहुण्यांनीच सांगावं.

यंदा पाडव्याला वत्सला गेली. रामनवमीपर्यंत शेजारच्या झांट्यांची होडी परत येऊन धक्क्याला लागलीसुद्धा, आणि तीही अशी झोकात की झांट्ये तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. आमची जागा रिकामी. हनुमान जयंती झाली तरी रिकामी. लोक विचारायला लागले. खारशेतमध्ये लोक थेट विचारत नाहीत. "हल्ली संध्याकाळचे मोकळे दिसता" असं म्हणतात.

शेवटी मी बंदर कचेरीत गेलो. तिथले कारकून सातोसकर हे माझे गिऱ्हाईक. माझं बाजारात चष्म्याचं दुकान आहे आणि सातोसकरांच्या नाकावरचा चष्मा माझ्याच हातचा आहे. पण कचेरीत ते ओळख दाखवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"होडी हरवल्याची नोंद करायची आहे," मी म्हणालो.

"शेवटची कुठे दिसली?"

"माहेरी गेली होती."

सातोसकरांनी पेन खाली ठेवलं. "मग हरवली असं कसं म्हणता? माहेरी राहिली म्हणा."

"एकच झालं ना?"

"एकच कसं होईल, तळवडेकर? ठावठिकाणा माहीत असलेली वस्तू कचेरीच्या दृष्टीने हरवत नाही. उद्या वहिनी माहेरी राहिल्या तर पोलिसांत वर्दी द्याल का?"

"शैलजा राहणार नाही."

"हा आत्मविश्वास चांगला आहे," सातोसकर म्हणाले. "इथे काही नोंद होणार नाही. तुम्ही आणायला जा. स्वतः जा, माणूस पाठवू नका. आणि खरं सांगा, जायच्या आधी घरात काही झालं होतं का?"

मी थोडा वेळ भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बघितलं.

"इंजिन बसवलं होतं," मी म्हणालो.

"विचारून बसवलं होतं?"

"कोणाला विचारायचं?"

"बघा," असं म्हणून सातोसकरांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

आता इंजिनाचं सांगतो. वत्सला ही शिडाची होडी. तिला घ्यायला आम्ही मोरवण्याला होड्या बांधणाऱ्या अनंत मेस्तांच्या मांडवात गेलो होतो तेव्हा तिथे विक्रीला तीन होड्या होत्या. मला उंच डोलकाठीची एक निळी होडी आवडली होती. शैलजा एकेका होडीत चढून नुसती बसून आली. वत्सलेत बसली ती उतरेचना. "हिच्यात बसल्यावर कोणी आपल्याकडे बघत नाहीये असं वाटतं," ती म्हणाली. होडीची निवड अशी करतात की नाही मला माहीत नाही, पण निळी होडी ज्यांनी घेतली ते गृहस्थ अजून तिच्यातलं पाणी उपसतात.

त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी वत्सलेच्या झाल्या. दुकान बंद केलं की मी आणि शैलजा खाडीत जायचो, वळणावरच्या खारफुटीपर्यंत, आणि चहा पिऊन परत. खाडीच्या तोंडाबाहेर मी कधी गेलो नाही. तोंडाशी वाळूचा बांध आहे, त्याला इकडे बार म्हणतात. त्यावर लाटा फुटतात आणि त्यांचा आवाज दुकानापर्यंत येतो. मी खाडीचा माणूस आहे आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मग गेल्या हिवाळ्यात वत्सला जड चालायला लागली. वळताना वेळ घ्यायची, पाण्यात जरा खोल बसायची. शैलजा म्हणाली, मला वेगळीच शंका येते. मला मात्र कालवांची शंका आली. तळाला कालवं चिकटली की होडी मंदावते, हे कोणीही सांगेल. मी तळ खरवडून घेतला. काही फरक पडेना, तेव्हा मी तिच्या पाठीवर इंजिन बसवलं.

तर आम्ही एस.टी.ने मोरवण्याला गेलो. मी नवी दोरी, पितळेची कडी आणि अर्धा किलो पेढे घेतले होते. पेढे कशासाठी, असं शैलजाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, राग काढायला. ती खिडकीबाहेर बघून हसली. तिला बरंच काही माहीत असतं आणि ती ते सांगत नाही, हा आमच्या संसारातला जुना प्रश्न आहे.

मेस्त अंगणातच उभे होते. "येवा जावयबापू," ते म्हणाले. "वाईच उशीर केलास."

पाय धुवायला पाणी आलं, घावने आले, नारळाचा रस आला. जावयाला जसं बसवतात तसं मला पाटावर बसवलं. वत्सलेचं नाव कोणी काढेना. मांडवाला झावळांचे पडदे लावले होते आणि आतून धुराचा वास येत होता. मी एक घावन कसाबसा संपवला आणि बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मेस्तकाका, चूक झाली. न विचारता इंजिन बसवायला नको होतं. ते काढून टाकतो. पुन्हा तिच्या पाठीवर काही आणणार नाही. तिची समजूत काढा.

मेस्तांच्या मंडळी, भागीरथीकाकी, पुढचा घावन घेऊन आल्या होत्या. त्या तशाच थांबल्या.

"इंजिनाचो राग नाय ओ तिका," त्या म्हणाल्या. "तिचे दिवस भरले हत."

"कसले दिवस?"

काकींनी शैलजाकडे बघितलं. शैलजाने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, ती रडत नव्हती.

"ह्यांका ठावूकच नाय!" काकी म्हणाल्या. "पयलटकरीण ती. पयला बाळातपण म्हायारात होवक नको? ती येवची कशी तुमच्याकडे?"

मेस्तांना हसू आलं नाही. ते सुतार आहेत, त्यांना मोजमापात चूक खपत नाही. "गरवार होडयेच्या पाठीर इंजान बसयलास," ते सावकाश म्हणाले, "आणि तळ खरवडलास." मी घावन खाली ठेवला. इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि मी चुकीच्या नंबरचे चष्मेसुद्धा दिलेले आहेत.

त्याच दुपारी वत्सला बाळंत झाली. बायका पडद्याआड गेल्या. मी आणि मेस्त अंगणात फेऱ्या घालत होतो. मी इकडून तिकडे, ते तिकडून इकडे, मध्ये फणसाखाली आमची गाठ पडायची. आतून लाकूड करकरल्याचा आवाज येई. मी थांबलो की मेस्त म्हणत, "चला, चला." मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी एका झावळीला धरून उभा होतो. त्यानंतर खळकन पाणी पडल्याचा आवाज आला आणि काकी बाहेर आल्या.

"होडका झाला," त्या म्हणाल्या. "दोघाय बरी हत."

पेढे तिथेच वाटले.

मला आत जाऊ दिलं ते दुसऱ्या दिवशी. वत्सला माडाच्या ओंडक्यांवर टेकली होती. तळाखाली शेगडी ठेवून ओवा आणि झावळांची धुरी दिली होती, कडांना काजूचं तेल चोळलं होतं. चेहरा दमलेला पण शांत होता. होडीचा चेहरा कळत नाही म्हणणाऱ्यांनी होड्या नीट बघितलेल्या नाहीत. तिच्या कुशीला ते होडकं होतं. तीन हात लांब, आत एक छोटी फळी बसायला, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसाठी इवल्याशा खोबणी. लाकूड अजून ओलं होतं. काकींनी ते उचलून शैलजाच्या मांडीवर ठेवलं.

आम्हाला मूलबाळ नाही. हे मी दुःख म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. त्याचं दुःख आम्ही पूर्वीच रीतसर करून घेतलं होतं. पण शैलजा त्या होडक्याच्या कडेवरून बोट फिरवत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. मी बाहेर येऊन विनाकारण फणस मोजत बसलो.

संध्याकाळी मी मेस्तांना म्हणालो, "मग आम्ही केव्हा न्यायचं?"

"सव्वा महिनो बाळंतीण हलूची नाय."

"बरोबर आहे. सव्वा महिन्याने मी चांगला अनुभवी तांडेल पाठवतो. तो दोघांना घेऊन—"

"खयचो तांडेल?" मेस्त म्हणाले. "लेकुरवाळी होडी मी परक्याच्या हातात देवचंय नाय. तुमी स्वता शीड घालून भायल्या दर्यातसून नेलास तर धाडतंय."

"मी बाहेर कधी गेलेलो नाही, मेस्तकाका."

"तां माका म्हायत आसा. ती वर्साक येता तेव्हा सांगता." वत्सला बोलत नाही. होड्या बोलत नाहीत, उगाच भलतंसलतं कोणी समजू नये. पण बापाला कळतं. "पोर खाडयेत चाय पिवक दिलंय नाय मी. आणि आयका. पाऊस सुरू झालो काय बार बंद जातत. तेच्याआदी नेलास तर तुमची. नायतर ऱ्हवांदेत दोघाय हयसरच. माका जड नाय."

"दिवाळीपर्यंत?"

"कायमची," मेस्त म्हणाले आणि विडी पेटवायला आत गेले.

रात्रभर मी विचार केला असं लिहायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. शैलजाने दुकानाच्या मुनीमाला फोन करून दुकान सांभाळायला सांगितलं आणि मेस्तांना विचारलं, "शिकवणी कधीपासून?"

शिकवणी दुसऱ्या सकाळपासून मेस्तांच्या जुन्या होडीत. ही वत्सलेची मावशी, वयाने पुष्कळ मोठी आणि स्वभावाने तिखट. मी दोरी चुकीची ओढली की ती अंगावर पाणी उडवायची, तेही फक्त माझ्या अंगावर. बाहेरच्या समुद्रात मला उलट्या झाल्या. पहिल्या दिवशी मी वाऱ्याच्या बाजूला तोंड करून उलटी केली, आणि सगळी होडी धुवावी लागली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याच्या उलट बाजूला केली. "सुदारणा आसा," मेस्त म्हणाले. त्यांनी केलेली ती पहिली स्तुती.

हळूहळू काही गोष्टी कळायला लागल्या. सकाळचा मतलई वारा होडीला जमिनीपासून बाहेर नेतो, दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो आणि तो वैशाखात थट्टा करत नाही. शीड कमी करावं की काय, असं पहिल्यांदा मनात येतं तेव्हाच ते कमी करायचं. दुसऱ्यांदा मनात येईपर्यंत उशीर झालेला असतो. लाट मागून येते तेव्हा तिच्याकडे बघत बसायचं नाही, सुकाणू बघायचं. मी रोज हे म्हणायचो आणि रोज लाटेकडे बघायचो. शैलजा बघायची नाही. सुकाणू तिच्या हातात आलं की मावशी पाण्याचा थेंबसुद्धा उडवत नसे.

संध्याकाळी आम्ही होडक्याला बघायला जायचो. काकी त्याला तेल लावून उन्हात ठेवत. वैशाखाच्या अखेरीला त्याला कमरेएवढ्या पाण्यात सोडलं, आणि ते पहिल्यांदा आपल्या बळावर तरंगलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग मला बाहेरच्या दर्याची भीती वाटली नाही असं नाही. भीती तेवढीच राहिली. पण त्याच्याशिवाय एकट्याने एस.टी.ने घरी जायचं, ह्या कल्पनेची भीती तिच्यापेक्षा मोठी झाली.

सव्वा महिना झाला त्या दिवशी आकाशात पश्चिमेला पांढरे ढग बसले होते. मेस्त त्यांच्याकडे बघून म्हणाले, "उद्या नायतर नाय." काकींनी वत्सलेची ओटी भरली, होडक्याच्या नाळेला काळं लावलं. ते इंजिन फणसाखाली पडून होतं. कोणी त्याचा विषय काढला नाही.

पहाटे मतलई वाऱ्यावर आम्ही निघालो. शैलजा सुकाणूवर, मी शिडावर आणि मागे दोरीने बांधलेलं होडकं. मेस्त गुडघाभर पाण्यात उभे होते. ते पाठ फिरवतील असं मला वाटलं होतं, पण ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले.

सकाळ फार सुंदर गेली. किनारा डाव्या हाताला, माडांची रांग आणि मधूनच एखादं कौलारू देऊळ. होडकं मागून उड्या मारत येत होतं. मी शिडाच्या सावलीत बसून पोहे खाल्ले आणि ते पोटात राहिले. मला वाटलं, एवढंच असतं होय?

दुपारी वायव्येचा वारा आला. पाणी आधी काळसर झालं, मग त्यावर पांढरे फेस उठले. मी लगेच शीड कमी केलं, आणि ते बरोबर होतं. पण अडचण दुसरीच निघाली. मागून येणाऱ्या लाटेवर होडकं घसरत यायचं आणि धाडकन आईच्या पाठीवर आपटायचं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याच्या कडेची ढलपी उडाली.

"दोरी लांब सोडा!" शैलजा ओरडली. "दोन लाटा मागे राहू दे त्याला."

मी दोरी सोडली. होडकं लांब गेलं, लाटेपलीकडे कधी दिसे, कधी दिसत नसे. आणि वत्सला वळायला लागली. सुकाणू सरळ असताना ती तोंड वाऱ्याकडे फिरवू लागली. शैलजाने दोन्ही हातांनी सुकाणू धरलं तरी फिरू लागली.

"हिला झालंय काय?" मी ओरडलो.

"मागे बघतेय," शैलजा म्हणाली. "तिला ते दिसत नाहीये."

बाजूने लाट आली आणि आम्ही सगळे भिजलो. अशा दर्यात होडी आडवी झाली तर काय होतं ते मेस्तांनी मला सांगितलं होतं. दोरी आखडली तर होडकं फुटणार, सोडली तर आई आडवी होणार. मला खरोखर वाटलं की झालं, संपलं, मी त्यांना बुडवायला घेऊन आलोय. मी मोठ्याने मेस्तांना हाक मारली, पण ते हाकेच्या अंतरावर कुठेच नव्हते.

"तुम्ही सुकाणू घ्या," शैलजा म्हणाली.

"मी?"

"मग दुसरं कोण आहे इथे?"

मी सुकाणू घेतलं. ती मागच्या फळीवर पालथी पडली, एक हात वत्सलेच्या कडेवर ठेवला आणि होडक्याकडे बघून तिला सांगायला लागली. "आहे हं, आहे. आता लाटेवर चढलं. उतरलं. नाही भिजलं फारसं. आता डावीकडे गेलं, आलं परत. मजेत आहे गं, तू पुढे बघ. तू पुढे बघ बाई." सुकाणूवरचा जोर कमी झाला. वत्सलेचं तोंड हळूहळू सरळ आलं. शैलजा थांबली की ते फिरायला लागायचं, म्हणून ती थांबली नाही. तिचा घसा बसला तरी ती सांगत राहिली. आणि मी लाटेकडे बघितलं नाही. मला वेळच नव्हता.

खारशेतचा बार दिसला तेव्हा उन्हं कलली होती. भरती होती, पण बारवर पांढरं पाणी होतं आणि तो आवाज, जो मी इतकी वर्षं दुकानात बसून ऐकला होता, आता समोरून येत होता. मागे ढग वर चढले होते. परत फिरायला जागा नव्हती आणि बाहेर रात्र काढायला हवामान नव्हतं. मेस्तांची अट मला आठवली. त्याहीपेक्षा आठवली ती आमची धक्क्यावरची रिकामी जागा.

मी थांबलो. मोठ्या लाटा जाऊ दिल्या. एक जरा लहान लाट आली, तिच्या पाठीवर वत्सलेला बसवलं आणि म्हटलं, "चल." दोन्ही बाजूंना पाणी फुटत होतं. तळाला वाळू घासल्याचा आवाज आला, माझ्या छातीत तसाच आवाज आला, आणि मग मागून काहीतरी सुसाट आलं. होडकं मागच्या लाटेवर स्वार होऊन आमच्या बाजूने पुढे निघून गेलं होतं. दोरी सैल पडली. ते नाळ वर करून, फेसातून सरळ खाडीत शिरलं आणि आतल्या शांत पाण्यात जाऊन गोल गोल फिरत राहिलं. वत्सला त्याच्यामागे आली. ह्या वेळी सुकाणूला काही करावंच लागलं नाही.

मला हसू येत होतं आणि रडू येत होतं. शैलजाचा आवाज गेला होता, म्हणून ती नुसती माझ्या पाठीवर बुक्के मारत होती.

धक्क्यावर झांट्ये होते, आणखी बरीच माणसं होती. सातोसकर वही घेऊन उभे होते. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची नोंद करायची असते, आणि त्यात ते कोणाला सूट देत नाहीत.

"होडी वत्सला, मुक्काम माहेर, परत," ते लिहिता लिहिता म्हणाले. "सोबत?"

"होडकं," मी म्हणालो.

"नाव?"

"बारसं व्हायचंय अजून."

"आईचं नाव?"

"वत्सला."

"वडिलांचं नाव?"

झांट्ये दुसरीकडे बघायला लागले. शैलजाने ओला पदर पिळता पिळता हात थांबवले. वत्सला दोरीला धरून अगदी स्थिर उभी होती. खाडीत इतकं स्थिर कोणी राहत नाही.

"अच्युत तळवडेकर," मी म्हणालो.

सातोसकरांनी ते लिहिलं. मग चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि धक्क्यावरून वाकून होडक्याकडे नीट पाहिलं.

"अभिनंदन," ते म्हणाले. "नाकाने तुमच्यावरच गेलंय."

मीही वाकून पाहिलं. नाकाच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.